पेवात पडलेल्या भैरूचा दुखवटा

सुज्ञ वाचकहो! एका थोर ग्रंथकाराने एका कुत्र्याचा कागदावर वध कसा केला, त्या वधापायी त्याच्या दारी भाकरीच्या पाट्या कशा लागल्या, आणि अखेरीस प्राण भलत्याचाच कसा गेला, ही हकीकत येथे यथाक्रम व कोणाची भीड न धरता निवेदन करण्यात येणार आहे. हकीकत हसण्याजोगी आहे हे आम्हांस मान्य आहे. तथापि आप्पासो खराडे यांच्याविषयीचा आमचा आदर तिने तिळभरही उणा झालेला नाही. वाचकांनीही तो होऊ देऊ नये.

महायुद्धाचे दिवस होते. आप्पासो सांगलीस कृष्णेच्या घाटाजवळ राहात आणि ‘गुप्तहेर मार्तंडराव’ ही रहस्यमाला लिहीत. वीस वर्षांहून अधिक काळ लिहीत होते! साताऱ्यापासून मिरजेपर्यंत असे गाव नव्हते की जेथे मार्तंडराव पोहोचला नाही. एक जण वाची आणि सारा पार ऐके. गुऱ्हाळावर वाचन चालू असता काहिलीतला रस करपून कोळसा झाला, परंतु खुनी सापडेपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही, अशी गोष्ट वाळव्याकडे आजही सांगतात. असे भाग्य कोणत्या ग्रंथकाराच्या वाट्यास येते?

या साऱ्या लेखनास साक्षी असत ती कुत्री. पायाशी कुत्रे नसेल तर आप्पासोंची लेखणी दौतीतून वर येत नसे. प्रत्येक प्रकरण लिहून झाले की ते प्रथम कुत्र्यांस मोठ्याने वाचून दाखवावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. कुत्र्याने कान टवकारले तर प्रकरण छापखान्यात, जांभई दिली तर चुलीत! आणि घरी जे कुत्रे असे तेच, त्याच नावाने, मार्तंडरावाचे कुत्रे म्हणून पुस्तकात येई. घरचे कुत्रे वयोमानाने निवर्तले की पुस्तकातलेही निवर्ते, आणि आप्पासो प्रस्तावनेत चार ओळी लिहून त्याला निरोप देत. वाचकांना ही रीत पाठ होती. पुढील घोटाळ्याचे बीज या रीतीत आहे, हे ध्यानी धरावे.

त्या काळी घरी दोन कुत्री होती. चिमी म्हातारी व ठार बहिरी असल्यामुळे तिचे मत कोणी विचारीत नसे व पुस्तकातही तिला जागा नव्हती. दुसरा भैरू. पुस्तकातला भैरू वाघाच्या छातीचा, निखाऱ्यासारख्या डोळ्यांचा. दरोडेखोर त्याचे नाव ऐकून पिस्तूल टाकीत. घरचा भैरू म्हणजे चार पाय लावलेला ताकाचा डेरा! एक कान उभा, दुसरा कायमचा निजलेला. मांजर दिसले की आप्पासोंच्या पत्नी रंगुबाई यांच्या पदराआड जाऊन उभा राही.

अशा सुखात पुण्याहून प्रकाशक आले.

“आप्पासाहेब, लढाईमुळे कागद मिळत नाही,” ते म्हणाले. “तुमच्या पुस्तकात पात्रे सहा, माझ्याजवळ कागद पाच पात्रांचा. एकाला रजा द्या.”

“कोणाला देऊ?”

“तो तुमचा प्रश्न. मी कागदवाला.”

आप्पासोंनी रात्रभर विचार केला. खुनी काढावा तर पुस्तकच काढावे लागे. फौजदार काढावा तर चुकीच्या माणसास पकडणार कोण? मार्तंडरावास तर हातही लावता येत नव्हता. तो आप्पासोंचा मानसपुत्र! त्याच्या मुखी आप्पासोंनी आपले सारे ज्ञान घातले होते. सकाळी ते छाती पुढे काढून प्रकाशकांस म्हणाले, “वाचक पुस्तक घेतो तो मार्तंडरावाच्या बुद्धीसाठी! कुत्रे म्हणजे देवळाबाहेरची पायरी. पायरी निखळली म्हणून देवाचे दर्शन कोणी सोडीत नाही! वाचक दोन ओळी हळहळतील आणि पान उलटतील!”

बोलले आणि लिहावयास बसले. हरिपूरच्या बाजूस हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली असतात, आणि बंद पेवातली हवा माणसाचा जीव घेते, हे आपल्या भागात पोरासोरांसही ठाऊक आहे. तशा एका पेवात खलनायकाने भैरूस ढकलले आणि तोंडावर दगड सरकविला. ‘त्या विषारी अंधारात स्वामिनिष्ठ भैरूने अखेरचा श्वास सोडला’ हे वाक्य आप्पासो लिहीत असता खरा भैरू त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून निजला होता. त्यांनी उठून त्याला गुळाचा खडा दिला आणि आयुष्यात प्रथमच ते प्रकरण कुत्र्यांस न वाचता बांधून टाकले.

“आज वाचलं न्हाई ते?” रंगुबाईंनी आतून विचारले. त्यांना अक्षर येत नव्हते, परंतु भाकरी थापता थापता त्यांनी सारी मालिका ऐकलेली होती.

“घसा बसला आहे,” आप्पासो म्हणाले.

पहिला भाग त्या मरणावर संपला आणि छापून गावोगाव गेला. दुसऱ्या भागाचे पहिले प्रकरण नेण्यासाठी प्रकाशक स्वतः मिरजेस उतरून यावयाचे होते. त्याच दिवशी सकाळी आप्पासोंच्या दारात बैलगाडी थांबली.

गाडीतून तासगावकडचे हंबीरराव उतरले. पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले हे गृहस्थ गावच्या पारावर मार्तंडराव वाचून दाखवीत. वाचताना पिस्तुलाचा आवाजही काढीत. मागोमाग त्यांच्या मंडळी बयाबाई, आणि जतकडचा मेंढपाळ सिद्धू. बयाबाईंनी उंबऱ्याशी येताच पदर तोंडाला लावला आणि असा हंबरडा फोडला की घाटावरची धुणी थांबली!

“आरं माज्या वाघा! कसा रं गेलास आमास्नी सोडून!”

हंबीररावांच्या घरी कोणीतरी गेले, असे आप्पासोंना वाटले. पुरुष मंडळी खाली माना घालून सोप्यावर बसली. हंबीरराव खाकरले.

“कसं झालं?”

“ते मी तुम्हांस विचारावयाचे,” आप्पासो हळूच म्हणाले. “कोण गेले?”

हंबीरराव आणि सिद्धू यांनी एकमेकांकडे पाहिले.

“दुखानं डोस्कं फिरलंय,” सिद्धू पुटपुटला.

“आप्पासो,” हंबीररावांनी त्यांचा हात हाती घेतला. “आमी समदं वाचलंय. पेवात पडला. वाचताना माजा आवाज फुटंना. पार उठून गेला, कुणी जेवलं न्हाई त्या दिशी. तुमच्या घरची चूल पेटली नसंल म्हनून बयानं चार भाकरी आन् पिठलं आणलंय.”

तेव्हा कोठे आप्पासोंच्या डोक्यात उजेड पडला!

“अहो, तुमचा गैरसमज झाला आहे! भैरू जिवंत आहे!”

“व्हय, व्हय,” हंबीररावांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरविला. “असं कुत्रं मरतंय व्हय? जित्ताच हाय. आमच्या समद्यांच्या काळजात जित्ता हाय.”

“काळजात नव्हे हो! सकाळी बाजाराकडे फिरावयास गेला आहे!”

“पायाला फिरायची सवय हुती ना त्याच्या,” बयाबाईंना पुन्हा हुंदका आला. त्या रंगुबाईंच्या कानाशी लागल्या. “बाई, मालकास्नी रडू द्या. रडलं न्हाई तर छातीत धरतंय.”

रंगुबाईंचे हात पिठाचे, डोळे विस्फारलेले. त्यांनी आप्पासोंना खुणेने आत बोलाविले.

“काय म्हनत्यात ही? तुमी भैरूला मारलं?”

“पुस्तकात!”

“पुस्तकात तर पुस्तकात! ह्या हातानं मी त्येला भाकरी घालती आन् तुमी त्येला पेवात घालताय? म्हनूनच घसा बसला हुता व्हय?”

वीस वर्षे गुन्हेगारांना निरुत्तर करणारा पुरुष स्वतःच्या स्वयंपाकघरात निरुत्तर झाला!

बाहेर येतात तो दारात आणखी तीन गाड्या! आष्ट्याची मंडळी, मिरजेहून टांग्याने आलेली मंडळी, आणि एक सद्गृहस्थ तर कऱ्हाडकडून आलेले. प्रत्येकाच्या हाती पाटी, पाटीत फडक्याखाली भाकरी. सोप्यावर बसावयास जागा उरली नाही. आप्पासो एकेकापुढे जाऊन “तो जिवंत आहे” म्हणत आणि जो तो डोळे पुशीत “व्हय, व्हय” म्हणे. खरे सांगावयाचे तर त्या गर्दीकडे पाहून आप्पासोंच्या मनाला आतून थोडी गुदगुलीही झाली. केवढा हा वाचकवर्ग! आणि इतक्यात, पोट हलवीत, एक कान पाडून, भैरू अंगणात आला.

“पाहा!” आप्पासो ओरडले. “हा पाहा भैरू! आता तरी पटले?”

सिद्धूने भैरूकडे पाहिले. भैरूने सिद्धूकडे पाहिले आणि तो रंगुबाईंच्या मागे गेला.

“ह्यो?” सिद्धू म्हणाला.

“हाच!”

हंबीरराव सावकाश उभे राहिले. त्यांचा चेहरा परेडच्या मैदानावर असावा तसा झाला.

“आप्पासो, तुमास्नी आमी थोर मानत आलाव. पर हे बरं न्हवं. अजून सुतक फिटलं न्हाई, आन् तुमी दुसरं कुत्रं आणलंसा? आन् त्येलाबी भैरूच म्हंताय?”

“दुसरे नव्हे हो, तेच!”

“भैरूची छाती वाघावानी हाय. मी सोता वाचलीया. ह्येची छाती कुठं हाय?”

छाती कोठे आहे हे दाखविणे खरोखरच अवघड होते. परंतु आप्पासो हार जाणारे नव्हेत. त्यांनी मार्तंडरावाच्या थाटात बोट वर केले.

“पुरावा! पुस्तकात भैरू फेट्याचा वास घेऊन माणूस शोधतो. हंबीरराव, तुमचा फेटा द्या आणि तुम्ही गोठ्यात लपा. भैरू तुम्हांस शोधून काढील!”

हंबीरराव टक्कल झाकीत गोठ्यात गेले. भैरूच्या नाकाशी फेटा धरण्यात आला. भैरूने मोठ्या विचारपूर्वक वास घेतला. सोप्यावरची माणसे मान लांब करून पाहू लागली. भैरू शिंकला. मग नाक जमिनीस लावून निघाला, गोठ्याच्या दिशेने चार पावले गेला, आणि आप्पासो “शाबास!” म्हणतात न म्हणतात तोच डावीकडे वळून त्याने बयाबाईंच्या पाटीवरचे फडके ओढले, एक भाकरी तोंडात धरली आणि तो बाजेखाली जाऊन बसला.

“पुस्तकातला भैरू खुनी सोडून भाकरीकडं कवा गेला न्हाई!” आष्ट्याच्या माणसाने निकाल दिला.

“मी भाईर येऊ का?” गोठ्यातून हंबीरराव ओरडले.

“ऱ्हावा तिथंच!” सिद्धूने उत्तर दिले. “तुमास्नी कुणी हुडकाय येत न्हाई!”

सारा सोपा हसला. कोणी म्हणाले, हे कुत्रे नव्हे, हे भाकरीचे पोते. कोणी म्हणाले, थोर भैरूच्या नावाला हा बट्टा. भैरू बाजेखाली भाकरी खात होता, परंतु हसण्याने दचकून त्याने ती अर्धी टाकली आणि तो अंग चोरून आप्पासोंच्या पायाशी आला. त्याने त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवली.

तेव्हा आप्पासोंना ते हसणे सोसवेना. बोट खाली आले आणि मार्तंडरावाचा थाटही गेला.

“हसू नका त्याला,” ते म्हणाले. “छाती मी लिहिली. डोळ्यांतले निखारेही मीच घातले. ह्याने आजवर एक उंदीरसुद्धा धरलेला नाही. हा नुसता इथे बसतो. पण हा इथे बसला नाही तर माझ्या हातून ओळ उतरत नाही हो. तुम्ही जे जे पारावर वाचले, ते सारे आधी ह्याने ऐकले आहे.”

गोठ्यातून आलेले हंबीरराव दाराशीच थबकले. बयाबाई उठल्या, खाली बसल्या, आणि भैरूचा निजलेला कान त्यांनी बोटाने उचलून पाहिला. भैरूने त्यांचा हात चाटला.

“ह्योच हाय,” बयाबाई म्हणाल्या. “आवं, ह्योच हाय भैरू!”

केवढा आनंद झाला म्हणून सांगू! सिद्धूने त्याला उचलण्याचा यत्न केला, तो वजनामुळे साधला नाही. प्रत्येकाने आपल्या पाटीतली भाकरी मोडून त्याच्या पुढे केली. आप्पासोंनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु हंबीरराव फेटा बांधता बांधता मध्येच थांबले.

“थांबा,” ते म्हणाले. “कुत्रं जित्तं हाय. म्हातारं न्हाई, आजारी न्हाई. मग पुस्तकात मेलं कसं?”

साऱ्यांच्या माना आप्पासोंकडे वळल्या.

“जित्त्या कुत्र्याला मारलंसा?” सिद्धू म्हणाला.

“खुनी हितंच बसलाय की!” आष्ट्याचा माणूस ओरडला.

सांत्वनाला आलेली माणसे एका क्षणात ज्यूरी होऊन बसली! आप्पासो घाईघाईने कागदाची टंचाई सांगू लागले, लढाई सांगू लागले. कोणी ऐकेना.

“मी सरळ सांगतो,” हंबीरराव म्हणाले. “भैरू पेवातनं जित्ता निघाला तर निघाला. न्हाईतर आमच्या पारावर तुमचं पुस्तक परत उघडायचं न्हाई.”

“आष्ट्यातबी न्हाई!”

“मिरजेतबी!”

हे पार बंद झाले म्हणजे माला बंद, आणि उभे आयुष्य बंद! अशा समयी प्रकाशकांचा टांगा दारी आला. अंगणभर गाड्या, सोप्यावर पाट्या, बायांचे डोळे लाल. प्रकाशकांनी टोपी काढली आणि टांग्यातच मान खाली घातली.

“गेले!” ते टांगेवाल्यास म्हणाले. “प्रकरण पुरे करून गेले की नाही, कोण जाणे!”

“मी येथे आहे!” आप्पासो ओरडले.

“जिवंत आहात? मग प्रकरण द्या. माझी गाडी चुकेल.”

हंबीररावांनी त्यांना हाताला धरून मध्ये बसविले आणि मागणी सांगितली. प्रकाशकांनी शांतपणे ऐकून घेतले.

“कुत्रे जगवा. माझी हरकत नाही. पण कागद पाच पात्रांचाच आहे. कुत्रे आत, तर दुसरे कोणी बाहेर. कोण जाणार ते ठरवा.”

सोप्यावर विचारविनिमय सुरू झाला.

“खुनी?” प्रकाशकांनी विचारले.

“त्यो गेला तर धरायचं कुनाला?” सिद्धू म्हणाला.

“फौजदार?”

“न्हाई, न्हाई! त्यो दर टायमाला चुकीचा मानूस धरतो. लय हसू येतंय!”

“ती विधवा जमीनदारीण?”

“तिचं वंगाळ करू नगा,” बायांकडून आवाज आला. “सोसलंय तिनं लय.”

“तिचा तो मुका गडी?”

“त्यो बोलतच न्हाई. त्येला कागद कितीसा लागतोय?”

आप्पासोंच्या मुखावर मंद हास्य उमटले. “पाहिलेत?” ते प्रकाशकांस म्हणाले. “माझ्या पुस्तकात टाकाऊ पात्र एकही नाही! वाचकांनीच सिद्ध केले!”

“आन् त्यो टोपीवाला?” बयाबाई हळूच म्हणाल्या.

“कोण टोपीवाला?”

“त्योच वं. भैरूच्या मागनं मागनं पळतोय, त्यो.”

आप्पासोंना प्रथम अर्थबोध झाला नाही. मग झाला.

“मार्तंडराव?”

“व्हय, त्योच. त्यो गेला तर चालतंय की.”

आता कोणीतरी गर्जना करील, हंबीरराव तरी उसळतील, अशा आशेने आप्पासोंनी सभोवार पाहिले. हंबीरराव फेट्याचा शेमला कुरवाळीत होते.

“मानूस वाईट न्हवता,” ते अदबीने म्हणाले. “पर बोलायचा लय. खरं सांगायचं तर त्येचं बोलणं आलं की मी पारावर चार पानं गाळूनच वाचत हुतो.”

“पाने?” प्रकाशक ताठ झाले. “तो किती बोलतो? अहो, तो गेला तर कागद पुरून उरेल!”

आप्पासोंनी अखेरचा आधार म्हणून रंगुबाईंकडे पाहिले. त्या भैरूच्या अंगावरचा भाकरीचा चुरा झाडीत होत्या आणि मान काही केल्या वर करीत नव्हत्या.

वाचकहो, थोर पुरुष संकटात कळतो. दुसरा एखादा ग्रंथकार रागाने लेखणी मोडता. आप्पासोंनी दौत मागविली. तेथेच, साऱ्यांच्या देखत, भैरूची हनुवटी पावलावर घेऊन ते लिहू लागले. गाडीची वेळ होती, तरी प्रकाशक हलले नाहीत. माणसे श्वास धरून बसली. लेखणी अशी धावली की टाकाच्या निबेचा करकर आवाज अंगणात ऐकू येत होता!

लिहून झाले तसे त्यांनी रिवाजाप्रमाणे भैरूकडे तोंड करून मोठ्याने वाचले. मार्तंडराव पेवाचा दगड एकट्याने सरकवितो. विषारी हवेची पर्वा न करता आत उडी घेतो. मेला असे वाटलेल्या, परंतु नुसत्या बेशुद्ध भैरूला खांद्यावर घेऊन वर लोटतो. हळदीने माखलेला, नवरदेवासारखा पिवळा भैरू उजेडात येतो, डोळे उघडतो, भुंकतो. आणि खाली, त्या अंधारात, आयुष्यभर जपलेल्या बुद्धीचा दिवा विझत असता, मार्तंडराव अखेरचे स्मित करतो. वीस वर्षांचा सोबती! आप्पासोंना अक्षरे दिसेनात. कसेबसे शेवटचे वाक्य वाचून त्यांनी डोळे पुसले आणि मान वर केली.

सोप्यावरच्या एकाही डोळ्यात पाणी नव्हते. सारी मंडळी उत्कंठेने पुढे झुकली होती.

“आन् भैरूला?” हंबीररावांनी विचारले. “पडताना कुठं लागलं तर न्हाई न्हवं त्येला?”

आप्पासोंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग कागदाच्या कडेला, जेथे दोन ओळींची जागा शिल्लक होती तेथे, ‘भैरूस कोठेही लागले नव्हते’ असे लिहिले आणि प्रकरण प्रकाशकांच्या हाती दिले.

येथवर ज्यांनी ही हकीकत संयमाने वाचली, त्या सर्व वाचकांचे ऋण मस्तकी धरून व जोडाक्षरांत काही चुकले असल्यास पदरात घ्यावे अशी प्रार्थना करून लेखणी खाली ठेवतो.

आपला आभारी,
आकाराम गुंडा सावर्डेकर,
मुक्काम हरिपूर, संस्थान सांगली